नोंदवहीचे उत्तरदायित्व

धर्मग्रामाच्या कार्यालयातील लोखंडी कपाट हे चर्चच्या आवारातील सर्वांत दुर्लक्षित स्थान होय. वेदीला फुले वाहिली जातात, सणाला घंटाघर रंगविले जाते. परंतु ज्या कपाटात बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या जाडजूड नोंदवह्या ठेवलेल्या असतात, त्याची आठवण पासपोर्टसाठी दाखला हवा असला की मगच होते. सेमिनरीत आम्ही धर्मविद्येचा अभ्यास करीत असता या वह्यांचा विषय चर्चच्या कायद्याच्या तासाला येई आणि तो ऐकताना आमच्यापैकी बहुतेकांना जांभया येत. आपण वेदीसाठी आलो आहोत, कारकुनीसाठी नव्हे, असा त्या वयाचा भाव होता. पुढे तीस वर्षे या वह्या हाताळल्यावर मला त्यांच्यातील शहाणपणाचा बोध झाला. आज तो बोध एका अगदी नव्या प्रश्नाच्या संदर्भात वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मगुरूने विवाहांची नोंदवही सांभाळून ठेवावी असा दंडक घातला. १६१४ साली प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथात नोंदी कशा कराव्यात याचे नमुनेच दिले गेले. त्यात बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू यांच्याबरोबर एक पाचवी वहीही होती. घरोघर जाऊन कोण राहतो, कोणाला कोणते संस्कार मिळाले आहेत, याची कुटुंबवार माहिती तीत भरावयाची असे. ज्या काळात बहुतेक राज्यांना आपल्या प्रजेची शिरगणती करणे जमत नव्हते, त्या काळी गावोगावचे धर्मगुरू ही वही लिहीत होते.

परंतु या व्यवस्थेचे खरे सौंदर्य आहे ते देवाणघेवाणीत. एखाद्या मुलीचा बाप्तिस्मा आगाशीला झाला आणि तिचा विवाह वांद्र्याला झाला, तर वांद्र्याचा धर्मगुरू विवाहाची नोंद आपल्या वहीत करतो आणि आगाशीच्या धर्मगुरूला तसे कळवितो. आगाशीचा धर्मगुरू तिच्या बाप्तिस्म्याच्या ओळीसमोर, समासात, त्या विवाहाची नोंद करतो. चर्चच्या कायद्याची ५३५ आणि ११२२ ही कलमे हेच सांगतात. सर्व माहिती एकाच मोठ्या कोठारात ओतण्याची गरज पडत नाही. प्रत्येक गोष्टीची मूळ वही एकच, तिचा राखणदार एकच. इतरांना हवी तेव्हा, हवी तेवढीच माहिती दाखल्याच्या रूपाने मिळते. विवाहापूर्वी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला का मागितला जातो, हे अनेकांना कोडे वाटते. समासात मधल्या काळात काय लिहिले गेले, हे जुन्या दाखल्यावरून कळत नाही, हे त्याचे साधे कारण आहे.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन असे की, आज आपली शहरेही अशाच वह्या लिहू लागली आहेत. २५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने ‘स्मार्ट सिटी मिशन’ सुरू केले. देशातील १०० शहरे त्यात निवडली गेली. आपल्या राज्यातील पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, सोलापूर ही त्यांपैकी काही. ३१ मार्च २०२५ रोजी या मिशनची मुदत संपली. पण त्यातून उभी राहिलेली नियंत्रण केंद्रे शहरांत राहिली आहेत. भिंतभर पडदे, त्यांवर चौकाचौकांतील कॅमेऱ्यांची चित्रे, बसगाड्यांचे ठिकाण, कचरागाड्यांचा मार्ग, पाण्याच्या टाक्यांची पातळी, हवेतील धुळीचे प्रमाण. प्रत्येक खांबावर जणू एक कारकून बसला आहे आणि तो अहोरात्र नोंद करीत आहे.

अडचण अशी की हे कारकून एकमेकांशी बोलत नाहीत. वाहतूक विभागाची यंत्रणा एका कंपनीने बसविलेली, पाणीपुरवठ्याची दुसऱ्या, दिव्यांची तिसऱ्या. एक यंत्रणा रस्त्याला त्याच्या नावाने ओळखते, दुसरी क्रमांकाने, तर तिसरी अक्षांश-रेखांशांनी. एकीची नोंद मिनिटागणिक होते, दुसरीची दिवसाकाठी एकदा. रस्ता मध्यरात्री बांधून पूर्ण व्हावा आणि सकाळी जलवाहिनीसाठी तो खणला जावा, हा जो अनुभव आपण नित्य घेतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हीच न बोलणारी वही असते.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न असता तर मी लेखणी उचलली नसती. २६ जुलै २००५ हा दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७४ मिलिमीटर. एकाच शहराची दोन टोके, मध्ये उणेपुरे पंचवीस किलोमीटर अंतर. दक्षिणेत कचेरीत बसलेल्या माणसाला उत्तरेत काय प्रलय ओढवला आहे याची कल्पना यावी कशी? मधल्या भागात पाऊस मोजणारी पुरेशी यंत्रे नव्हती आणि जे कोणा एकाला ठाऊक होते ते दुसऱ्यापर्यंत वेळेत पोहोचत नव्हते. भरतीची वेळ एकाला ठाऊक, मिठी नदीची पातळी दुसऱ्याला, लोकल कोठे अडकली ते तिसऱ्याला. मुंबईत त्या पुराने चारशेहून अधिक माणसे नेली.

त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली. १२ जून २०२० रोजी ‘आयफ्लोज-मुंबई’ नावाची पूरसूचना यंत्रणा कार्यान्वित झाली. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालय आणि मुंबई महापालिका यांच्या सहकार्याने ती उभी राहिली. हवामान खात्याचा अंदाज, पर्जन्यमापकांचे आकडे, भरती-ओहोटीचे गणित, जमिनीचे चढउतार, मिठी, दहिसर, ओशिवरा, पोयसर या नद्यांचे प्रवाह, नाले, आणि कोणत्या वस्तीत किती लोक राहतात याची महापालिकेकडील माहिती, हे सर्व तीत एकत्र येते आणि कोणत्या वॉर्डात पाणी साचण्याचा संभव आहे, याचा अंदाज आगाऊ बांधता येतो. यातील बरीचशी माहिती पूर्वीही कोठे ना कोठे होतीच. ती एका टेबलावर आली, हे नवे.

माहिती वाटून घेणे हे म्हणजे परोपकाराचे कृत्य ठरू शकते. आपल्याकडे असलेले धान्य कोठारात कोंडून ठेवणारा श्रीमंत शुभवर्तमानात मूर्ख ठरला. आपल्याकडील आकडे कोंडून ठेवणारा विभाग याहून शहाणा कसा म्हणावा?

ही देवाणघेवाण व्हावी कशी, याचा विचार तज्ज्ञांनी केला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने शहरांच्या माहितीसाठी एक सामायिक विनिमय व्यवस्था उभारली. तिचे तत्त्व असे की माहिती जिच्या तिच्या मालकाकडेच राहावी. मधल्या व्यवस्थेने फक्त भाषा एक करून द्यावी, मागणाऱ्याची ओळख पटवावी आणि मालकाची परवानगी आहे की नाही ते पाहावे. एस्टोनिया या चिमुकल्या देशाने २००१ सालापासून हेच केले आहे. तेथील ‘एक्स-रोड’ या व्यवस्थेत रुग्णालयाची वही रुग्णालयाकडे, करखात्याची करखात्याकडे आणि लोकसंख्येची त्या नोंदणी कार्यालयाकडे असते. एकाने दुसऱ्याला प्रश्न विचारावा, उत्तरापुरते उत्तर मिळावे आणि प्रश्न कोणी, केव्हा विचारला याची पुसता न येणारी नोंद राहावी. तेथील नागरिकाला आपली माहिती कोणत्या कार्यालयाने पाहिली हे स्वतः तपासता येते. हे वाचले तेव्हा मला कार्यालयातील लोखंडी कपाट आठवले. मूळ वही एक, राखणदार एक, दाखला गरजेपुरता. संगणकाच्या जाणकारांनी जे शोधले ते आमच्या वांद्रे आणि आगाशीच्या धर्मगुरूंना अंगवळणी पडलेले होते!

परंतु वाचकहो, वही वाटली जावी की कोंडली जावी, हा प्रश्न इतका सरळ नाही. तो माझ्याच दारात दोनदा आला, आणि दोन्ही वेळा माझे उत्तर वेगळे होते.

जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात वसई-विरारचा परिसर पाण्याखाली गेला. नालासोपाऱ्यापाशी रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या. कित्येक वस्त्यांत वीज नव्हती. त्या वेळी मी सखल भागातील एका धर्मग्रामात सेवा करीत होतो. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेण्यासाठी आम्ही एक यादी ठेवीत असू: अंथरुणाला खिळलेले कोण, एकटे कोण राहते, कोणाला दररोज इन्सुलिन लागते. बचावकार्य करणारी काही मंडळी होडी घेऊन आली, तेव्हा त्यांना कोणत्या घरी आधी जावे हे कळेना. मी ती यादी त्यांच्या हाती दिली. नाव, घर, मजला आणि निकड एवढेच एका कागदावर उतरवून दिले. त्यांत आपल्या समाजाबाहेरची शेजारची तीन घरेही आमच्या तरुणांनी जोडली. पाणी ओसरल्यावर तो कागद मी परत मागून घेतला आणि फाडून टाकला.

पुढच्या वर्षी एक गृहस्थ आले. निवडणुकीचे दिवस होते. बोलणे अत्यंत आदबीचे. चर्चकडे येणाऱ्या रस्त्याचे आणि त्याच्या कडेच्या गटाराचे काम ते मनावर घेणार होते. जाता जाता म्हणाले, “फादर, तुमच्या धर्मग्रामातील कुटुंबांची यादी आणि फोन नंबर मिळाले तर बरे होईल. लोकांच्या अडचणी आम्हांला थेट कळतील.” मी नकार दिला. ते हसून म्हणाले, “पुराच्या वेळी तर तुम्ही दिली होती म्हणे.”

त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते आणि आमच्या धर्मग्राम मंडळातही त्यावरून दोन तट पडले. रस्ता खरोखरच खराब होता. पावसाळ्यात म्हातारी माणसे त्यावर पडत. एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, “फादर, नंबर दिल्याने असे काय बिघडते? आजकाल ते सगळ्यांकडेच असतात.” तेवढ्यात मागच्या बाकावरून एक वयस्क बाई उठल्या. बोलायची सवय नसलेल्या. त्या म्हणाल्या, “फादर, मी तुम्हांला नंबर दिला तो आमच्या घरच्या आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद मिळावा म्हणून. दुसऱ्या कशाला द्यायचा असेल तर मला विचारा.” सभा तेथेच संपली. यादी दिली गेली नाही. रस्त्याचे काम पुढे दोन पावसाळे झाले नाही आणि त्याचा बोल अनेकांनी मला लावला. तो मी ऐकून घेतला. कारण खड्डा खरा होता आणि त्यात पडणारी माणसेही आपलीच होती.

तरीही त्या बाईंच्या एका वाक्यात या विषयावरील सारा कायदा सामावलेला आहे, असे मला वाटते. माहिती ज्या हेतूने दिली त्या हेतूशी ती बांधलेली असते. पुरात मी यादी दिली ती त्याच माणसांसाठी, ज्यांची नावे तीत होती. निवडणुकीत ती मागितली जात होती ती मागणाऱ्यासाठी. कागद तोच, परंतु एकदा तो आजाऱ्याकडे जाणारी वाट दाखवीत होता आणि दुसऱ्यांदा मतदाराकडे जाणारी.

हेतू बदलला की वहीचे काय होते, याचा एक भीषण दाखला युरोपच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी नेदरलँड्समधील नगरपालिकांच्या लोकसंख्या नोंदी अत्यंत काटेकोर होत्या. प्रत्येक रहिवाशाचे पत्रक होते आणि त्यावर धर्मही लिहिलेला असे. हेतू निर्मळ होता: कारभार नीट चालावा. १९४० साली जर्मन फौजा आल्या आणि ती वही त्यांच्या हाती पडली. यहुदी कोण आणि कोठे राहतो, हे शोधायला त्यांना श्रम पडले नाहीत. त्या देशातील सुमारे १,४०,००० यहुद्यांपैकी १,००,००० हून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ रोजी चित्रकार विलेम आरोन्डेउस आणि त्यांच्या साथीदारांनी ॲमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालय पेटवून दिले. काही पत्रके जळाली, बहुतेक वाचली, आणि आरोन्डेउसना प्राणदंड झाला. एख्त गावच्या कार्मेल मठातील एक संन्यासिनी २ ऑगस्ट १९४२ रोजी पकडली गेली आणि आठवड्याभरात आउश्वित्झला मारली गेली. जन्माने यहुदी असलेली ती एडिथ स्टाइन. १९९८ साली चर्चने तिला संतपद दिले. डच धर्माध्यक्षांनी यहुद्यांच्या हद्दपारीचा जाहीर निषेध केला, त्याचा सूड म्हणून यहुदी वंशाच्या कॅथलिकांना शोधून नेण्यात आले. ते कोण, हे नोंदींवरून आधीच ठाऊक होते.

तेव्हाची पत्रके हातांनी चाळावी लागत. आज ती क्षणार्धात चाळली जातात, आणि ‘आम्ही नावे काढून टाकली आहेत’ एवढ्या ग्वाहीवर विसंबणे कठीण झाले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाईल फोनच्या निनावी नोंदी तपासल्या गेल्या. एखादा माणूस कोणत्या चार वेळी कोणत्या चार ठिकाणी होता, एवढे कळले तरी ९५ टक्के लोक इतरांतून वेगळे ओळखता येतात, असे त्यात आढळले. विचार करून पाहा: पहाटेच्या मिस्साला चर्च, नंतर बाजार, दुपारी एखादे विशिष्ट रुग्णालय, रात्री घर. नाव नसले तरी माणूस ओळखला जातो. आणि त्या रुग्णालयाचे नाव त्याने कदाचित आपल्या पत्नीलाही सांगितलेले नसते.

कॅनडातील टोरंटो शहराने हा प्रश्न लवकर ओळखला. २०१७ च्या ऑक्टोबरात तेथील सरोवरकाठच्या सुमारे बारा एकर जागेवर एक नमुनेदार स्मार्ट वस्ती वसविण्याची योजना जाहीर झाली. गूगलच्या मातृकंपनीची ‘साइडवॉक लॅब्ज’ ही कंपनी ती आखीत होती. रस्ते, बाके, इमारती, सर्वत्र संवेदक असणार होते. खासगीपणाच्या तज्ज्ञ डॉ. ॲन कावूकियन तिच्या सल्लागार होत्या. माणसाची ओळख पटेल अशी माहिती नोंद होताक्षणीच पुसली जावी, ही त्यांची अट होती. योजनेत सहभागी होणाऱ्या इतरांवर ती अट सक्तीची करता येणार नाही असे कळताच ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी पद सोडले. मे २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन योजनाच मागे घेतली. परंतु मधल्या अडीच वर्षांत तेथील सामान्य नागरिक सभांतून एकच प्रश्न विचारीत राहिले: आमच्या रस्त्याची वही कोणाच्या कपाटात राहणार?

आपल्याकडेही हा प्रश्न विचारण्यास आधार आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होण्याचे आहेत आणि शासनाला त्यात ज्या सवलती आहेत त्यांवर टीकाही झाली आहे. चर्चच्या कायद्यातील २२० वे कलम तर याहून जुने, १९८३ सालचे; प्रत्येकाचे सुनाम आणि खासगीपण यांना ते संरक्षण देते. आणि प्रायश्चित्त संस्काराच्या गोपनीयतेविषयी मी आपणांस काय सांगावे? काही गोष्टींची नोंदवहीच असू नये, हे चर्चने शतकानुशतके पाळले आहे. कबुलीघरात कागद नसतो.

तेव्हा आपण कुटुंबांनी काय करावे? पाऊस, भरती, नाल्याची पातळी, बसची वेळ, हवेची शुद्धता ही वस्तूंची माहिती होय. ती सर्वांना खुली असावी असा आग्रह धरावा, कारण ती कोंडल्याने माणसे मरतात. माणसांची माहिती मात्र वेगळी. ती मागणाऱ्यास, मग तो महापालिकेचा कर्मचारी असो, सोसायटीच्या फाटकावरील रखवालदार असो वा खुद्द तुमचा धर्मगुरू असो, निर्भयपणे विचारावे: कशासाठी हवी? कोठे ठेवणार? कोण पाहणार? काम झाल्यावर केव्हा पुसणार? प्रभागाच्या सभेला आपण गटार आणि नळ यांविषयी बोलतो, तसेच चौकातल्या कॅमेऱ्याविषयीही बोलावे. असे विचारणारा माणूस प्रगतीचा शत्रू ठरत नाही. ती मागच्या बाकावरून उठलेली बाई प्रगतीची शत्रू नव्हती.

पवित्र शास्त्रात मोजणीच्या दोन कथा आहेत. राजा दाविदाने लोकांची गणती केली ती आपल्या तलवारी किती, हे जाणण्यासाठी. आणि त्या गणतीने त्याच्या प्रजेवर अरिष्ट आणले. दुसरी गणती एका मेंढपाळाची. त्याने संध्याकाळी मेंढरे मोजली नसती, तर शंभरांतले एक कमी आहे हे त्याला कळलेच नसते. मोजले म्हणूनच तो अंधारात त्या एकाच्या शोधाला निघाला. आपल्या नगराच्या नियंत्रण केंद्रातील भिंतभर पडद्यांपुढे बसलेली माणसे मोजणी करीतच राहणार आहेत. ती कोणासाठी मोजीत आहेत, हे विचारीत राहणे आपले काम आहे, आणि ते देवाने आपल्यावर सोपविले आहे असे मी मानतो.